साडेपाचच्या निधनवार्ता

क्लूनाव्हरा, १४ जानेवारी २०१९

प्रिय फिंटन,

लीड्सचा पत्ता तोच आहे असं धरून लिहितेय. अकरा वर्षं नाताळची कार्डं पाठवते, त्यातलं एकही पोस्टानं परत आणलेलं नाही. म्हणजे ती कोणीतरी दारातून आत घेत असणार. मग ती शेकोटीत जातात की आणखी कुठे, ते मी विचारत नाही.

एक बातमी तुला माझ्याकडून कळावी असं वाटलं. टेरी हेस्टर मागच्या वर्षी लेकीकडे लीड्सला आला होता. बसथांब्यावर तू त्याला भेटलास आणि गावात कोण कोण गेलं ते त्यालाच ऐकवलंस म्हणे. टेरीचं तोंड उघडंच राहिलं. "तू रेडिओवर वाचतेस त्या साडेपाचच्या निधनवार्ता तुझा भाऊ रोज कॉम्प्युटरवर ऐकतो," असं त्यानं मला चर्चच्या पायरीवर सांगितलं. मी म्हटलं, असेल. घरी आले आणि चहा टाकायचाही विसरले. इतकी वर्षं माझ्याशी एक शब्द न बोलणारा माणूस रोज संध्याकाळी माझा आवाज ऐकत बसतो, हे मला कुठे ठेवावं तेच कळेना.

तर बातमी अशी, की आपला क्लूनाव्हरा रेडिओ विकला गेला.

डॉम कॉनबॉयनं सोफ्यांच्या दुकानाच्या माडीवर, आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे पुठ्ठे भिंतींना चिकटवून तो सुरू केला, तेव्हा तू इथंच होतास. डॉम दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलांना ना सोफे हवे होते ना रेडिओ. घेणारी कंपनी डब्लिनची आहे, आणि तिचा मालक लंडनला बसतो. पहिल्या सोमवारी सगळ्यांना खाली बोलावून केक कापला आणि सांगितलं, आता आपलं नाव 'ब्लेझ'. सकाळचा कार्यक्रम डब्लिनहून येणार, चार गावांना एकच. दुपारची जुनी गाणी बंद, अ‍ॅकॉर्डियन बंद, गुरांच्या बाजाराचे भाव बंद. निधनवार्तांबद्दल म्हणाले, "विचार चालू आहे." या लोकांचा विचार चालू झाला की काय होतं ते मला ठाऊक आहे.

नव्या व्यवस्थापक बाईंचं नाव क्लोडा. एकोणतीस वर्षांची, डब्लिनची. वाईट नाही. चहाचा कप स्वतः विसळते.

आता खरं कारण. तीन मार्चला आईला अकरा वर्षं होतील. दरवर्षी मी तिच्या स्मृतिदिनाचे दोन शब्द वाचते आणि त्यात आपली दोघांची नावं असतात. यंदा डेझमंडचं नाव घालावं असं माझ्या मनात आहे. तुझी हरकत नसेल तर. आई गेली तेव्हा ते राहून गेलं, त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मी एवढंच सांगते, की ल्यूक टिमनीकडून जो कागद आला त्यावर ते नव्हतं. अंत्यविधीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे, कागद त्याचा, आणि मी आपली वाचणारी.

डेझमंडला नमस्कार सांग. त्याचा गुडघा कसा आहे?

तुझी बहीण,
अट्रॅक्टा

*

क्लूनाव्हरा, २९ जानेवारी २०१९

प्रिय फिंटन,

उत्तर नाही. ठीक आहे, अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमनची गाडी वळली की खिडकीशी जाते, हे मान्य करते.

विचार संपला त्यांचा. दिवसातून तीनदा वाचत होते, ते आता एकदाच, साडेपाचला. आधी वाजायची ती संथ धून काढली, तिच्याऐवजी काहीच नाही. मिनिटं चार. आणि नातेवाइकांची नावं वाचायची नाहीत. नाव, गाव, चर्चमधली प्रार्थना किती वाजता, दफन कुठे, संपलं. मी क्लोडाच्या खोलीत गेले.

"अगं, नातेवाइकांशिवाय कळणार कसं कोण गेलं ते?" मी म्हटलं. "या भागात मेरी बर्न आठ आहेत. दोघी तर एकाच रस्त्यावर राहतात."

"वेबसाइटवर सगळं असेल, अट्रॅक्टा. फोटोसकट."

"त्या आठातली एकही वेबसाइट बघत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "आपल्याला पंचवीस ते चव्वेचाळीस वयाचे श्रोते हवेत. त्यांना गाडीतून घरी जाताना मरण ऐकायचं नसतं."

"मरणाऱ्यालाही ते नको असतं गं. पण त्याला कोणी विचारत नाही."

ती म्हणाली, लॉंगफर्डला तिची आजी आहे, तीही साडेपाचला भांडी घासायची थांबते. पण लंडनहून आलेला कागद तिच्या टेबलावर होता आणि त्यावर माझं नाव नव्हतं, आजीचंही नव्हतं. मी जास्त ताणलं नाही. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला कुठलंही कारण देऊन घरी पाठवता येतं.

एक मात्र पदरात पाडून घेतलं. स्मृतिदिनाचे शब्द फेब्रुवारीअखेर चालतील, नंतर नाही. आईची तारीख तीन मार्च. क्लोडा म्हणाली, तीन दिवस आधी वाचलं तर कोण रागावणार आहे? त्यात नावंही चालतील, शेवटचंच म्हणून. तेव्हा मी अठ्ठावीस फेब्रुवारीला वाचीन. तुझा होकार तोवर हवा. नुसतं पोस्टकार्डावर 'हो' लिहिलंस तरी चालेल.

मागच्या पत्रात मी ल्यूक टिमनीबद्दल लिहिलं ते बरोबर नव्हतं. परवा तो रस्त्यात भेटला, त्यानं माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याची चौकशी केली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या कागदावर डेझमंडचं नाव होतं. पण त्या दुपारी फादर हॅन्लींचा स्टुडिओत फोन आला. ते म्हणाले, "अट्रॅक्टा, उद्या चर्चमध्ये म्हातारी माणसं असतील, उगाच कुजबुज नको." तू फादरना ओळखतोस. त्यांना नाही म्हणणं त्या दिवशी मला जमलं नाही. आईचा देह घरात पुढच्या खोलीत ठेवलेला होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी नाही म्हणायला हवं होतं.

गुडघ्याचं तू कळवलं नाहीस.

अट्रॅक्टा

*

क्लूनाव्हरा, १६ फेब्रुवारी २०१९

फिंटन,

मायकी टायग गेला. गावाबाहेरच्या वाटेवरचा, एकटा राहणारा. गेला तो काही तुला रेडिओवरून कळला नसेल, कारण तो रेडिओवर आलाच नाही.

सोमवारी पाच जण गेले होते. माझ्याकडे चार मिनिटं. मी भरभर वाचत होते, तरी मायकीचं नाव पाचवं होतं, आणि त्याच्यावर आले तोच माझा माईक बंद झाला आणि जाहिरात सुरू झाली. हल्ली ते बटण माझ्या हातात नसतं. डब्लिनचं कुठलं तरी यंत्र घड्याळ बघून मला तोडतं. मी रिकाम्या खोलीत त्याचं नाव, गाव, वेळ, सगळं शेवटपर्यंत वाचलं.

बुधवारी त्याच्या दफनाला आम्ही नऊ जण होतो. त्यात नवे फादर, ल्यूक आणि ल्यूकची दोन माणसं. शवपेटी उचलायला सहा खांदे जमेनात, तेव्हा चर्चची फुलं लावणारी कॅथलीन पुढे झाली. मायकी चाळीस वर्षं या भागातल्या प्रत्येक दफनाला जायचा, तुला आठवतं? पावसात, सायकलवर, पॅंटच्या पायांना पट्टे बांधून. ज्याच्याशी आयुष्यात बोलला नाही त्याच्याही कबरीशी टोपी काढून उभा राहायचा. आईच्या वेळीही होता. आणि त्याच्या वेळी नऊ.

गुरुवारी सगळं गाव माझ्यावर तुटून पडलं. मांसाच्या दुकानात मार्टिन-जो मला म्हणाला, "आम्ही त्याच्या शेजारचे, बाई. घरी बसून चहा पीत होतो. आम्हाला आता तोंड कुठे दाखवायचं?" मी म्हटलं, माझी चूक नाही. तो म्हणाला, "तुझी आहे असं कुठे म्हणतोय? पण आवाज तुझा असतो ना."

हे त्याचं बोलणं तीन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले.

फादर हॅन्लींचा फोन आलाच नव्हता. ते गेले त्याला चार वर्षं झाली. गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं, तो उलटून बोलत नाही. फादरनी उलट त्या सकाळी आपल्या स्वयंपाकघरात डेझमंडचा हात हातात घेतला होता, ते तूही पाहिलंस.

नाव मी खोडलं. आणि ते ल्यूकनं आपल्या मनानं घातलेलं नव्हतं. आईनं त्याला दवाखान्यात बोलावून घेऊन सांगितलेलं होतं. मुलगी अट्रॅक्टा, मुलगा फिंटन आणि त्याचा डेझमंड. तिचे शब्द. ल्यूकनं ते जसेच्या तसे टाइप केले होते. मी घरातून गाडी काढून वीस मिनिटांसाठी स्टुडिओत आले. सगळे म्हणाले होते, आईची निधनवार्ता स्वतः वाचणार म्हणजे काय काळजाची बाई. धून वाजत होती. माईकचा लाल दिवा लागायला अर्धं मिनिट असेल. मी खिशातून पेन काढलं आणि तेवढ्या शब्दांवर रेघ मारली. मग दिवा लागला आणि मी वाचलं.

का, हे तू अकरा वर्षांपूर्वी दाराशी विचारलंस. मी तेव्हा 'कशाबद्दल बोलतोयस' असं म्हणाले. मला लाज वाटली, फिंटन. लोक दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्याकडे कसे बघतील ते डोळ्यांपुढे आलं. तुम्ही दोघं चार दिवसांनी लीड्सला जाणार, मला इथंच भाजी घ्यायची होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. डेझमंड तिच्या उशाशी महिनाभर बसला होता, तिची नखं कापत होता, आणि मी त्याला पेनाच्या एका रेघेत बाजूला केलं.

आता तुझा होकार येवो न येवो, अठ्ठाविसला मी ते नाव वाचणार आहे. तुला ऐकायचं नसेल तर त्या दिवशी कॉम्प्युटर लावू नकोस.

अट्रॅक्टा

*

क्लूनाव्हरा, २ मार्च २०१९

प्रिय फिंटन,

वाचलं.

निधनवार्तांचा तो शेवटचा दिवस ठरला. क्लोडानं सकाळी बोलावून सांगितलं, एक तारखेपासून काहीच नाही, सगळं वेबसाइटवर. मायकीच्या दफनानंतर तक्रारी इतक्या आल्या की लंडननं ठरवलं, अर्धवट ठेवण्यापेक्षा मुळातच नको. मार्टिन-जोनं रागानं लिहिलेल्या पत्रांचा हा असा उपयोग झाला. क्लोडाचे डोळे सुजलेले होते. तिलाही उन्हाळ्यात डब्लिनला परत बोलावलंय.

त्या दिवशी निधनवार्ता दोनच होत्या. मी सावकाश वाचलं, नातेवाइकांसकट, कोण काय करणार होतं माझं? मग आईचं वाचलं. "क्लूनाव्हराच्या चर्च रस्त्यावरच्या नोरा गिलहूली यांच्या अकराव्या स्मृतिदिनानिमित्त. रोज प्रेमानं आठवण काढणारे, मुलगी अट्रॅक्टा, मुलगा फिंटन आणि त्याचा डेझमंड." तिचे शब्द. शेवटच्या नावाशी घाई केली नाही. यंत्रानं तोडलं नाही. बाहेर आले तर क्लोडा काचेपलीकडे उभी होती, ती म्हणाली, "डेझमंड कोण?" मी म्हटलं, "माझ्या भावाचा नवरा." पहिल्यांदा म्हणाले मी ते. आभाळ कोसळलं नाही. सोफ्यांच्या दुकानात नेहमीसारखी गिऱ्हाइकं होती.

तू ऐकलंस का? मला राहवत नाही म्हणून विचारते. डेझमंडनं ऐकलं का?

काल पहिला दिवस. साडेपाचला मी घरीच होते, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं, तोच फोन वाजला. डेलिया फ्लॅनरी, चर्च रस्त्यावरची, आपल्या शेजारची. अठ्ठ्याऐंशीची झाली आता.

"अट्रॅक्टा, कोण गेलं गं?"

"डेलिया, रेडिओवर बंद झालं ते."

"ते कळलं मला. म्हणून तर तुला फोन केला. कोण गेलं?"

मी ल्यूकला फोन लावला, त्याच्याकडून उतरवून घेतलं आणि डेलियाला वाचून दाखवलं. फोन ठेवते तर मार्टिन-जो. मग कॅथलीन. सात झाले काल.

अट्रॅक्टा

*

क्लूनाव्हरा, १५ मार्च २०१९

फिंटन,

मंगळवारी तुझा लिफाफा आला. अक्षर ओळखलं आणि दारातच उभी राहून फोडला. आत एकच कागद. पत्र नाही, 'प्रिय अट्रॅक्टा' नाही. टाइप केलेली निधनवार्ता, ल्यूक लिहितो तशा पद्धतीची, आणि खाली पेनानं तुझ्या हाताचं, "रेडिओवर वाचायचं. एक शब्द इकडचा तिकडे नको."

डेझमंड एकोणीस नोव्हेंबरला गेला.

मी तो कागद तिथंच पायरीवर बसून पुन्हा वाचला. नोव्हेंबर. म्हणजे मी जानेवारीत त्याच्या गुडघ्याची चौकशी केली तेव्हा तो जाऊन दोन महिने होत आले होते. नाताळचं कार्ड तुम्हा दोघांच्या नावानं पाठवलं, तेव्हा महिना. आणि अठ्ठावीस फेब्रुवारीला, सबंध परगण्यासमोर, तू लीड्सला ऐकत असताना, मी त्याला रोज प्रेमानं आठवण काढणाऱ्यांच्या यादीत बसवलं. जिवंत होता तेव्हा त्या यादीतून खोडला, आणि मेल्यावर जिवंतांत घातला. निधनवार्ता वाचणाऱ्या बाईच्या हातून याहून वाईट काही होऊ शकतं का, मला माहीत नाही. एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

मला ते नाव वाचताना केवढं मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. बाहेर येऊन मी पाठ ताठ करून चालले होते. लाज वाटते.

नावांची यादीही वाचली. पती फिंटन. बहीण मॉरीन. भाचे दोघे. चर्चच्या गायनमंडळातले मित्र. शेजारीण मिसेस अख्तर. आणि पेपर नावाचा कुत्रा. माझं नाव कुठे आहे म्हणून मी शोधलं, हे लपवत नाही. एकदा वाटलं, पान उलटं आहे की काय. मागे कोरं होतं.

कागद घेऊन मी तशीच रेडिओवर गेले. क्लोडानं तो वाचला, दोनदा. "मी हे वाचू देऊ शकत नाही, अट्रॅक्टा. एक तर बंद झालंय, आणि झालं नसतं तरी लीड्सचा माणूस आपल्या भागात मोडत नाही."

"आईच्या फाटकाला तीन वेळा रंग त्यानं दिलाय. तो आपल्याच भागातला आहे."

"मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण माईकचं बटण आता या इमारतीतच नाही." तिनं मला नेऊन दाखवलं. माझ्या खोलीत खुर्चीही नव्हती, भिंतीवरचे पुठ्ठे काढून पोत्यात भरले होते.

तेव्हा फिंटन, रेडिओवर नाही वाचता आलं. दोन आठवडे आधी पाठवला असतास तर, असं मनात आलं, पण ते बोलायचा मला अधिकार नाही. दोन आठवडे आधी तू तो का पाठवला असतास?

जे केलं ते सांगते. माझ्याकडे आता रोज बावीस जणांचे फोन येतात. दोन सेकंद फोन मोकळा नसतो, काही जण वाट बघून बघून सहा वाजता करतात. मंगळवारी गावातलं कोणीच गेलं नव्हतं. एकच निधनवार्ता होती.

पहिली डेलिया.

"कोण गेलं गं?"

मी वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, तुझ्या कागदावर आहे तसं, रेडिओच्या आवाजात. पती फिंटन, बहीण मॉरीन, कुत्र्यापर्यंत. पलीकडे ती श्वास घेत होती ते ऐकू येत होतं.

"तुमच्या फिंटनचा डेझमंड?"

"हो."

"देव त्याला शांती देवो. पण अट्रॅक्टा, तुझं नाव नाही आलं त्यात."

रेडिओवर मला असं कधी कोणी विचारू शकत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "राहून गेलं असेल, डेलिया." फोन ठेवला. तुला पहिल्या पत्रात लिहिला होता तोच शब्द. तो माझ्या जिभेवर तयारच असतो.

मार्टिन-जोनं विचारलं. त्यालाही तेच सांगितलं. मग कॅथलीननं विचारलं, तिलाही तेच. चौथा टेरी हेस्टर. तो म्हणाला, "चुकून गाळलं त्यानं. दुःखात माणूस विसरतो." मी हो म्हणणार होते. तुझ्या माथी मारून मोकळी होणार होते, फिंटन, आणि टेरीनं ते चर्चच्या पायरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं.

"तो विसरला नाही," मी म्हटलं. "आई गेली तेव्हा मी डेझमंडचं नाव खोडलं होतं. आईनं घातलेलं. म्हणून माझं नाव यात नाही, आणि ते बरोबर आहे."

टेरी म्हणाला, "अच्छा." मग म्हणाला, "उद्या पाऊस आहे म्हणतात." टेरीकडून याहून जास्त निघत नाही.

त्यानंतर अठरा जणांना सांगितलं. कोणी विचारलं नाही तरी सांगितलं. कोणाला वाईट वाटलं, कोणी विषय बदलला. मिसेस कडी म्हणाली, "मला कशाला सांगतेस, फादरना सांग," आणि फोन आपटला. शेवटी शेवटी माझा आवाज बसला. मग मी मार्टिन-जो आणि कॅथलीनला उलटे फोन केले आणि मघाशी खोटं बोलले होते ते दुरुस्त केलं. डेलिया सर्वांत शेवटी. ती जेवत होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला तेव्हाच माहीत होतं गं," ती म्हणाली. "तू स्टुडिओत गेली होतीस, मी तुमच्याच स्वयंपाकघरात होते. पंधरावीस जण होतो आम्ही. रेडिओ मोठा केलेला. डेझमंड सगळ्यांना चहा देत होता, सकाळपासून तोच देत होता. तू वाचलंस. मुलगी अट्रॅक्टा, मुलगा फिंटन, आणि लगेच पुढच्या मयताचं नाव. आम्हाला कोणालाच त्याच्याकडे बघवेना. सगळे आपापल्या कपात बघत बसलो."

"आणि फिंटन?"

"फिंटन भिंतीकडे तोंड करून उभा होता."

"आणि तो?"

"तो हातात किटली घेऊन माझ्यासमोर होता. पुढचं नाव ऐकलं, दफनाची वेळ ऐकली, सगळं संपेपर्यंत थांबला. मग त्यानं मला विचारलं, डेलिया, तुम्हाला साखर किती?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं नाहीस, कारण मी तुला बोलूच दिलं नाही. आणि आता त्याला काही सांगता येत नाही.

कागद माझ्याजवळ आहे. कालही वाचला, आजही वाचणार आहे, ज्यांचे फोन तेव्हा लागले नव्हते त्यांना. शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

अट्रॅक्टा